शेवटच्या पानावर वाढेपर्यंत

गेल्या दिवाळीपासून मी आणि माझी बायको लपून जेवत होतो. फोडणी द्यायची असली की ती आधी मधलं दार लोटून घ्यायची. भाकर थापताना आवाज होतो म्हणून तिने भाकरी करणंच सोडलं, पोळ्या करायला लागली. बाबांचं आटोपलं, त्यांनी डोळे मिटले, की ओट्याजवळ खाली बसून आम्ही भराभर खायचो. बोलायचो नाही. घाटंजीच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो, वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, आणि स्वतःच्या घरात मी पापड मोडताना तो तळहातांत दाबून मोडत होतो.

बाहेरच्या खोलीत बाबा असतात. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. तोंडात घातलेलं अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळे नाकातून पोटात एक बारीक नळी घातली आहे. पलंगाचं डोकं वर करायचं, नळीच्या तोंडाला मोठी सिरिंज लावायची, तिचा दांडा काढून टाकायचा आणि गाळलेली आंबील, डाळीचं पाणी, दूध असं काहीतरी ओतून सिरिंज उंच धरून उभं राहायचं. ते आपल्या वजनाने खाली जातं. बाबांच्या जिभेला त्यातलं काहीच कळत नाही. आंबील आणि दूध यांतला फरक त्यांना फक्त डोळ्यांनी दिसतो.

समज मात्र शाबूत आहे. भेटायला येणारे ही गोष्ट समाधानाने बोलून दाखवतात. मी मान हलवतो.

पलंग शेजाऱ्यांनी करून दिला. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. बाबांना ते चचा म्हणतात. इस्पितळातून आम्ही बाबांना आणलं तेव्हा ते दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "सर, चचाले असं आडवं ठेवू नका जी. मानूस आडवा पडला का लोक त्याच्या वरून बोलतात. त्याच्याशी कोनी बोलत नाही." चार दिवसांनी डोक्याकडून उचलता येणारा लोखंडी पलंग घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, "पसंत नसन तं सांगा चचा, याचं गेट करतो मी." बाबा डाव्या बाजूने हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

डावा हात चांगला आहे, आणि तीच अडचण. सुरुवातीला बाबा त्या हाताने नळी उपसून टाकायचे. पुन्हा इस्पितळ, पुन्हा नाकात नळी, पुन्हा डोळ्यांतून पाणी. शेवटी तिथल्या सिस्टरने हात बांधायला शिकवलं. आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी करून मनगट पलंगाच्या दांडीला सैल बांधायचं. बोटं मोकळी राहतात. ती पट्टी मीच बांधतो, बायकोला बांधू देत नाही. एवढं तरी तिच्यावर नको.

या हाताने बाबांनी उभं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवल्या. रविवारी मात्र ते आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, असत. मंडळी म्हणजे दहाबारा घरं आणि पत्र्याचा एक हॉल. पाळक, म्हणजे पास्टर, बदलत असत, बाबा तेच असत. त्यांचं शिक्षण बेताचं, पण देवाच्या राज्याविषयी ते जे बोलायचे ते मला अजून कुठल्या धर्मज्ञानी माणसाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

त्यांचं गाव राळेगावकडचं. आजोबांच्या काळात गावात लग्न असलं की आमच्या लोकांना पंगत उठल्यावर, मांडवाबाहेर, घरून आणलेल्या भांड्यात वाढायचे. ते भांडं धरून बाबा आजोबांच्या मागे उभे राहत. आत लोक जेवताना दिसायचे. त्या आठवणीचा बाबांनी कधी राग केला नाही, पण तिच्यातून एक नियम काढला आणि तो मंडळीला लावला. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीत, भाकरीचा तुकडा हातावर आला तरी खायचा नाही. शेवटच्या माणसाच्या हातावर पडेपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्यांनी एकदम तोंडात घालायचा. दाराशी चपलांपाशी बसलेली म्हातारी असो की शेतातून उशिरा आलेला मजूर, त्याच्यासाठी सगळी मंडळी तळहात पुढे धरून बसलेली असायची. एकदा एका पाहुण्या पाळकांनी तुकडा मिळाल्याबरोबर खाऊन टाकला, तर बाबा भर उपासनेत म्हणाले, "पास्टर, तुमाले भूक लागली वाटते. घरी चला, पोटभर देतो."

कॉलेजात असताना मी त्यांना छेडायचो. "बाबा, तुम्ही राज्य येवो, राज्य येवो म्हणता. येनार कधी ते?"

"सगळ्यायच्या पानावर वाढल्याबिगर कोनी घास उचलत नाही, ते राज्य. तू घास हाती धरून थांबला का आलंच समज."

"अन् शेवटचा मानूस आलाच नाही तं?"

"तं थांबाचं."

"किती वेळ?"

"तुले गाडी पकडाची आहे काय?"

मला त्या वेळी हे भोळं वाटलं होतं. विश्वासाने जगणं म्हणजे बाबांसारखं जगणं हे मला माहीत होतं, पण बाबांसारखी खात्री माझ्यात उतरली नाही. मी मंडळीत गेलो, गायलो, वर्गणी दिली, मुलांना रविवारच्या शाळेत शिकवलं. आत कुठेतरी मी नेहमी उभाच होतो, बसलेला नव्हतो.

म्हणूनच तो चहा झाला.

बाबा नळी घेऊन घरी आल्यावर मंडळी प्रार्थनेला आमच्याकडे जमली होती. मनापासून झालेली प्रार्थना होती, काहींचे डोळे ओले होते. निघताना मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "आता विश्वासानं दे त्याले. किती दिवस नळीवर भरवसा ठेवून राह्यशीन तू?" त्या बाईंना मी दोष देत नाही. माझ्या लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा आईबरोबर त्या उशाशी बसल्या होत्या. दोष माझा असा की मला त्या क्षणी बाबांच्या भुकेपेक्षा स्वतःचा विश्वास सिद्ध करायचा होता. एकदा तरी मागेपुढे न बघणारा मुलगा व्हायचं होतं. मी चहात बिस्कीट भिजवलं आणि चमच्याने बाबांच्या तोंडात दिलं. बाबांनी माझ्याकडे इतक्या आनंदाने पाहिलं की मी दुसरा चमचा भरला.

मग खोकला सुटला आणि थांबेना. ओठ काळेनिळे झाले. संध्याकाळपर्यंत ताप, आणि पुन्हा यवतमाळचं इस्पितळ. डॉक्टरांनी विचारलं, कुणी दिलं? मी म्हणालो, "मी. चहा." विश्वासाचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. मी ज्याला विश्वास म्हणून चमच्यात भरलं ते माझ्या बापाच्या फुप्फुसात गेलं, एवढंच मला कळलं.

तेव्हापासून मी प्रभुभोजन घेणं बंद केलं. ताट आलं की पुढे सरकवायचो. कुणी विचारलं नाही. बायको शेजारच्या बायकांच्या रांगेतून बघायची आणि नजर काढून घ्यायची.

घरी मात्र रोज संध्याकाळी बाबांजवळ बसून प्रभूची प्रार्थना म्हणायची, हे चालू राहिलं. बाबांना ती लागते. पण 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ आली की माझी जीभ अडायची. ज्याच्या तोंडात घास जात नाही त्याच्या उशाशी बसून भाकर कशी मागायची? एक दिवस मी ती ओळ गाळली आणि पुढे गेलो. बाबांच्या बोटांनी पलंगाच्या दांडीवर टकटक केलं. मी तसाच पुढे म्हणत राहिलो. टकटक वाढली. शेवटी मागे जाऊन ती ओळ म्हटली तेव्हा बोटं थांबली. मग रोज तेच. मी गाळून बघायचो, ते वाजवायचे. एकदा बायको आतून म्हणाली, "काहून त्रास देता त्याइले? म्हना ना सरळ." मी म्हटलं, "मले म्हनवत नाही." ती म्हणाली, "तुमाले कोन विचारून राह्यलं? ते मागून राह्यले."

त्यांना काय हवं होतं ते आम्हाला ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत कळलं. प्रभुभोजनाचा रस आमच्याकडे आदल्या दिवशी काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून करतात. आई होती तोवर ते काम तिच्याकडे होतं, आता बायकोकडे आहे. एका शनिवारी ती मनुके कुस्करून तशाच हातांनी बाबांचं तोंड पुसायला आली. बाबांनी मान वळवून तिच्या बोटांचा वास घेतला. मग बोटाने स्वतःच्या तोंडाकडे खूण केली. मनगट बांधलेलं असल्यामुळे बोट तोंडापर्यंत पोचत नव्हतं, पण खूण चुकण्यासारखी नव्हती. ती हात धुवून माझ्याकडे आली.

"बाबाले प्रभुभोजन पाह्यजे," ती म्हणाली.

"मले दिसलं."

"मग?"

चमचा मीच भरला होता. दुसऱ्यांदा तो मी भरणार नव्हतो, आणि बाबांना नाही कसं म्हणायचं हेही कळत नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कापसाने ओठ ओले करा, पण गिळायला काही देऊ नका. पाळकांना विचारलं. ते तरुण आहेत, नुकतेच आमच्या मंडळीत आले आहेत. त्यांनी फार विचार करून सांगितलं, "भाकर हातात देऊ, सर. हातात धरली तरी त्यांचा वाटा झाला. रस ओठांना लावू. देव गळ्याच्या पलीकडचं पाहतो." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पुढच्या रविवारी दुपारी मंडळीने आमच्या घरी यायचं ठरलं. पलंग किती उंच करायचा, कापूस किती पिळायचा, बाबांना खोकला आला तर कुणी धरायचं, हे सगळं मी आणि बायकोने ठरवलं. तुकडा नखाएवढा ठेवायचा हेही ठरवलं. बाबांचाच नियम मात्र आमच्यातल्या कुणालाही आठवला नाही.

रविवारी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली. लोक दाटीने बसले, काही दारात उभे राहिले. मी बाबांना स्वच्छ सदरा घातला आणि मनगटाची पट्टी सोडली. आज तरी बांधलेल्या हाताने नको, असं वाटलं. पाळकांनी प्रार्थना केली आणि पहिला तुकडा बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवला. मग ताट फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी ते नेहमीसारखं पुढे दिलं. फिरून ताट पाळकांकडे गेलं. त्यांनी ठरलेली वचनं म्हटली आणि स्वतःचा तुकडा उचलला.

कुणीच खाल्लं नाही.

सगळे तळहात पुढे होते आणि सगळ्यांचे डोळे बाबांच्या तळहाताकडे. पाळकांचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांना वाटलं काही चुकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. सगळ्यांनी एकदम तोंडात घालायचं, मग एकाला घालता येत नसताना ही मंडळी खाणार नव्हती. तुकडा पहिला मिळूनही शेवटचा माणूस बाबा होते.

त्या म्हाताऱ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बुढ्यानंच शिकवलं बाप्पा आमाले. आता आमी कसं खाव?"

"सर, काय करू?" पाळक पुटपुटले.

"खा तुम्ही," मी म्हणालो. "बाबांना चालेल."

त्यांच्या वतीने मी बोललो. बाबांनी मूठ मिटली आणि ती दांडीवर एकदा आपटली. लोखंडाचा आवाज खोलीभर झाला. मग ती मूठ वर जायला लागली. सावकाश, छातीवरून, हनुवटीकडे.

मी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

"सोडा," माझ्या मागे बायको म्हणाली.

"त्याइच्यानं गिळल्या जाईन काय? तुले माहीत नाही?"

"माहीत आहे मले. सोडा त्याइचा हात."

मी सोडला नाही. सगळ्या मंडळीसमोर मी माझ्या बापाचा हात त्याच्या तोंडापासून ओढत होतो. त्या हातात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही दोघे पंजा लढवतो तसे थरथरत होतो. बाबांचे डोळे माझ्या तोंडापासून वीतभर होते. त्यांत राग असता तर मला बरं झालं असतं. लहान मूल दुकानासमोर उभं राहून मागतं, तसे ते डोळे मागत होते. आणि मला ऐकू येत होता तो खोकला, मागच्या वेळचा. आज सोडलं आणि तसंच झालं तर, आणि नाही सोडलं तर, या दोन्हींत मला माझाच हात दिसत होता.

मग त्यांच्या हातातला जोर गेला. त्यांनी ऐकलं की ते थकले, मला सांगता येत नाही. मूठ उघडली. तुकडा दबून चपटा झाला होता, घामाने ओला. तो तळहात माझ्याकडे आला. त्यांनी तो पुढे केला, की माझ्या ओढण्याने तो आला, हे मी तेव्हापासून रोज आठवून बघतो. मनगट माझ्या मुठीत होतं, त्यामुळे मला कधीच कळणार नाही. पण सगळे थांबले होते आणि तुकडा तिथे होता. मी वाकलो आणि त्यांच्या तळहातावरून तो ओठांनी उचलला.

माझ्या मागे सगळ्यांनी एकदम खाल्लं. तो बारीक आवाज मला ओळखीचा आहे, लहानपणापासूनचा. माझ्या तोंडात तुकडा विरघळला आणि गळा आपसूक हलला. मी काही केलं नाही, तो आपला आपण हलला. मला रडू आलं ते पश्चात्तापाचं होतं की फक्त गिळता येतं म्हणून आलं, कोण जाणे.

पाळकांनी रसात कापूस बुडवून, पिळून बाबांच्या ओठांवरून फिरवला. बाबांची जीभ बाहेर आली, ओठांवरून गेली आणि आत गेली. आम्ही बघत होतो. खोकला आला नाही.

निघताना म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "आज पंगत पुरी झाली, पोरा. तूही बसला." मी त्यांच्या पायांकडे बघत होकार दिला. वाटा बाबांचा होता आणि खाल्ला मी, हे त्यांना कसं सांगू? बाबांच्या शिकवणुकीत हे कुठे बसतं? शेवटच्या माणसाच्या पानावर वाढलं आणि ते दुसऱ्यानेच उचललं, तर राज्य आलं म्हणायचं की पुन्हा मांडवाबाहेर गेलं? बाबांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सगळे गेल्यावर मी तो हात पुन्हा बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीसारखे आत बसलो होतो. पहिला घास मोडतो न मोडतो तो बाहेर टकटक सुरू झाली. मी हात न धुताच धावलो. नळी जागेवर होती, अंथरूण कोरडं होतं. पाणी हवंय? नाही. कूस बदलायची? नाही. बोटं वाजतच होती. बायको हातात ताट तसंच घेऊन दारात आली, आणि बोटं थांबली. ती वळून आत गेली की पुन्हा वाजायची. तिला माझ्याआधी कळलं. तिने माझं ताट आणून बाबांच्या पलंगाशी ठेवलं, स्वतःचंही ठेवलं आणि खाली बसली.

"बसा," ती मला म्हणाली. "थांबून राह्यले ते."

तेव्हापासून आम्ही तिथेच जेवतो. ती पुन्हा भाकरी करायला लागली आहे, थापण्याचा आवाज गल्लीत जातो. मी ताट पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवतो. एका हाताने सिरिंज उंच धरतो, दुसऱ्या हातात घास. खायचा नाही. आंबील नळीत उतरायला वेळ लागतो, कधी अडते, मग नळी बोटांनी चोळावी लागते. सिरिंजमधली पातळी खाली सरकायला लागली की मी घास तोंडात घालतो. संध्याकाळी प्रार्थनेत आता ओळ गाळत नाही. गाळायचा धीर होत नाही.

हे बरं आहे की वाईट, हे मी कुणाला विचारत नाही. जेवताना बाबांची नजर माझ्यावर नसते. ती भाकरीवर असते, शेवटचा तुकडा संपेपर्यंत.